बारावी सांभाळून ‘नीट’ची तयारी: ठाणे आणि नवी मुंबईतील विद्यार्थ्यांसाठी

अकरावीला विज्ञान शाखेत प्रवेश घेऊन पुढे वैद्यकीय शिक्षणाकडे जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला दोन परीक्षा द्याव्या लागतात. एक राज्य मंडळाची बारावीची आणि दुसरी राष्ट्रीय चाचणी संस्था, म्हणजे एनटीए, घेते ती ‘नीट-यूजी’. ठाण्यात काय किंवा नवी मुंबईत काय, घरोघरी पहिलीला ‘बोर्ड’ आणि दुसरीला ‘एंट्रन्स’ म्हणतात. दोन्हींचा अभ्यास वेगळा, पुस्तके वेगळी आणि शिक्षकही वेगळे, असे धरून मग दिवसाची वाटणी केली जाते. कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवताना माझे असे मत झाले आहे की विद्यार्थ्याला अभ्यासापेक्षा ही वाटणीच जास्त थकवते. दोन्ही परीक्षांचा बहुतांश आशय एकच आहे. खरी अडचण क्रमाची आहे. एखादे प्रकरण राज्य मंडळ बारावीत शिकवते, तर एनसीईआरटीच्या, म्हणजे केंद्रीय पाठ्यपुस्तक संस्थेच्या, पुस्तकात आणि म्हणून क्लासमध्ये ते अकरावीतच येऊन गेलेले असते. काही प्रकरणांत हे नेमके उलट होते. हा क्रम सुरुवातीलाच जुळवून घेतला तर एकाच अभ्यासावर दोन्ही परीक्षा देता येतात, आणि तो कसा जुळवावा हेच या लेखात मुख्यतः सांगायचे आहे.

आधी पात्रता

एमबीबीएस प्रवेशासाठी बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र (किंवा जैवतंत्रज्ञान) आणि इंग्रजी हे विषय उत्तीर्ण असावे लागतात. तीन विज्ञान विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला किमान ५० टक्के, तर अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि इतर मागास वर्गाला किमान ४० टक्के गुण आवश्यक असतात. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. ‘नीट’मध्ये उत्तम गुण मिळूनही बारावीचा टक्का अडला तर प्रवेश मिळत नाही, आणि इंग्रजीत अनुत्तीर्ण होणाऱ्याचीही तीच गत होते. त्यामुळे ‘बोर्डाचे काय, पास झाले की पुरे’ हे सर्रास ऐकू येणारे वाक्य पूर्णपणे खरे नाही.

गणित घ्यावे की नाही, हा प्रश्न प्रवेशाच्या वेळी हमखास येतो. वैद्यकीय शाखेचा निर्णय मनाशी पक्का असेल तर गणित सोडायला हरकत नाही. पण भौतिकशास्त्रातले गणित त्यामुळे सुटत नाही. राज्य मंडळाच्या अकरावीच्या भौतिकशास्त्रात सदिश आणि कलनाची तोंडओळख करून देणारे गणिती पद्धतींचे प्रकरण आहे. गणित सोडलेल्या विद्यार्थ्याने ते पहिल्याच महिन्यात हात न आखडता, उदाहरणे सोडवत पूर्ण करावे, कारण पुढच्या दोन वर्षांतील जवळजवळ प्रत्येक सिद्धता त्यावर उभी असते. लॉगॅरिदमचा तक्ता वापरण्याची सवय बारावीच्या परीक्षेत उपयोगी पडते. ‘नीट’मध्ये मात्र कॅल्क्युलेटरही नसतो आणि तक्ताही नसतो, म्हणून अपूर्णांक, घातांक आणि अंदाजे आकडेमोड यांचा सराव वेगळा करावा लागतो.

दोन अनुक्रमणिका समोरासमोर

पहिले काम अभ्यासाचे नसून नकाशा तयार करण्याचे आहे. राज्य मंडळाची पाठ्यपुस्तके, एनसीईआरटीची अकरावी-बारावीची पुस्तके आणि राष्ट्रीय वैद्यक आयोगाने जाहीर केलेला ‘नीट’चा अभ्यासक्रम, असे तिन्ही समोर घेऊन बसावे. एका मोठ्या कागदावर तीन रकाने आखावेत: दोन्हीकडे असलेले, फक्त बोर्डाला असलेले आणि फक्त ‘नीट’ला असलेले. प्रत्येक प्रकरणापुढे ते कॉलेजमध्ये केव्हा शिकवले जाणार आणि क्लासमध्ये केव्हा, हे लिहावे. एका रविवारी होणारे हे काम पुढची दोन वर्षे उपयोगी पडते. अभ्यासक्रमात बदल होत असल्यामुळे या कागदाची दरवर्षी जूनमध्ये पुन्हा पडताळणी करावी.

हा कागद तयार झाला की काय दिसते, ते विषयवार सांगते.

भौतिकशास्त्रात क्रमाचा फरक सर्वांत मोठा आहे. घूर्णन गती, द्रवांचे यांत्रिक गुणधर्म, वायूंचा गतिसिद्धांत, ऊष्मागतिकी, दोलने आणि तरंग ही एनसीईआरटीच्या अकरावीतील प्रकरणे राज्य मंडळाच्या बारावीत येतात. उलट प्रकाशाचे परावर्तन-अपवर्तन, भिंगे आणि प्रकाशीय उपकरणे हा एनसीईआरटीच्या बारावीचा भाग राज्य मंडळाच्या अकरावीत आहे. कार्य, ऊर्जा आणि शक्ती यांना एनसीईआरटीत स्वतंत्र प्रकरण आहे, तर राज्य मंडळाच्या पुस्तकात हा आशय गतीच्या नियमांच्या प्रकरणातच सामावलेला आहे. क्लासमध्ये अकरावीच्या डिसेंबरात घूर्णन गती शिकलेला विद्यार्थी पुढच्या जूनमध्ये कॉलेजच्या पहिल्याच तासाला तेच प्रकरण पाहतो आणि ‘हे झाले आहे’ असे समजून मागच्या बाकावर बसून दुसरे काही वाचत राहतो. खरे तर हा दुसरा फेरा त्याला आयता मिळालेला असतो. पहिल्या फेऱ्यात संकल्पना आणि गणिते झालेली असतात. दुसऱ्या फेऱ्यात सिद्धता नीटनेटक्या लिहिण्याचा सराव करून घेतला, तर बोर्डाची तयारी तासाभरात उरकते आणि उजळणीही होते.

रसायनशास्त्रात रासायनिक समतोल अकरावीत आणि आयनिक समतोल बारावीत, अशी राज्य मंडळाची विभागणी आहे. एनसीईआरटीत हे दोन्ही अकरावीच्या एकाच प्रकरणात येतात. ऊष्मागतिकीही एनसीईआरटीच्या अकरावीत आणि राज्य मंडळाच्या बारावीत आहे. याहून महत्त्वाची गोष्ट पी-ब्लॉकची, म्हणजे आवर्तसारणीतील गट १३ ते १८ मधील मूलद्रव्यांची, आहे. एनसीईआरटीच्या नव्या, कमी केलेल्या पुस्तकांतून पी-ब्लॉकची प्रकरणे वगळली गेली, पण ‘नीट’च्या अभ्यासक्रमात गट १३ ते १८ कायम राहिले. नव्या एनसीईआरटीवरच विसंबणाऱ्याला ही उणीव वेगळ्या टिपणांतून भरून काढावी लागते. राज्य मंडळाच्या विद्यार्थ्याच्या हातात मात्र ती आधीच असते, कारण गट १३, १४ आणि १५ अकरावीच्या पुस्तकात आणि १६, १७ आणि १८ बारावीच्या पुस्तकात आहेत. कार्बनी संयुगांचे शुद्धीकरण, ऊर्ध्वपातन आणि क्रोमॅटोग्राफी यांसाठीही अकरावीच्या पुस्तकातील विश्लेषण तंत्रांचे प्रकरण उत्तम आहे. राज्य मंडळाची पुस्तके ‘नीट’ला निरुपयोगी, असे जे सरसकट सांगितले जाते त्याला ही चांगली उत्तरे आहेत. घन अवस्था, बहुवारिके, हरित रसायनशास्त्र आणि अकरावीतील गट १ व २ हा भाग मात्र फक्त बोर्डापुरता राहतो. तो वाचावा, पण त्यावर बहुपर्यायी प्रश्नांचे गठ्ठे सोडवू नयेत.

जीवशास्त्रात श्वसन, रक्ताभिसरण, चेतासंस्था आणि संप्रेरके हा भाग एनसीईआरटीच्या अकरावीत असून राज्य मंडळ तो बारावीत घेते. प्राण्याचा सविस्तर नमुना म्हणून राज्य मंडळाच्या अकरावीत झुरळ आहे, तर एनसीईआरटीच्या सध्याच्या पुस्तकात बेडूक ठेवला आहे, म्हणून बेडकाचे प्रकरण प्रत्येकाने स्वतंत्रपणे वाचावे. मानवी पोषण, वनस्पतींचे जलसंबंध आणि अन्ननिर्मितीतील वाढ यांसारखी राज्य मंडळाची प्रकरणे ‘नीट’च्या सध्याच्या अभ्यासक्रमात नाहीत. जीवशास्त्राचे ९० प्रश्न आणि ३६० गुण, म्हणजे निम्मी प्रश्नपत्रिका, असल्यामुळे या विषयात नकाशा चुकला तर नुकसान सर्वांत जास्त होते.

एक प्रकरण, दोन परीक्षा

प्रकरण अभ्यासताना त्याचे बोर्डासाठी एक वाचन आणि ‘नीट’साठी दुसरे, असे करू नये. आधी समजून घेणे, मग एनसीईआरटीचे ओळ न ओळ वाचन, मग बहुपर्यायी प्रश्न आणि शेवटी दोन-तीन उत्तरे कागदावर लिहून काढणे, हा क्रम एकाच आठवड्यात पूर्ण करावा. चौथी पायरी जवळजवळ सगळेच टाळतात. परिणामी संकल्पना पक्की असूनही फेब्रुवारीत तीन गुणांचे उत्तर लिहिताना मुलांची वाक्ये अडखळतात.

श्वसनाचे उदाहरण घेऊ. ऑक्सिजन वियोजन वक्राचा आकार इंग्रजी ‘एस’सारखा का असतो, हे एकदा समजले की बाकीचे मुद्दे आपोआप जागेवर बसतात. वायुकोशांत ऑक्सिजनचा आंशिक दाब जास्त, कार्बन डायऑक्साइडचा कमी, हायड्रोजन आयन कमी आणि तापमान कमी असल्यामुळे तेथे ऑक्सिहिमोग्लोबिन तयार होते. ऊतींमध्ये परिस्थिती नेमकी उलट असल्यामुळे तेथे ते विघटित होते. एनसीईआरटी पुढे सांगते की १०० मिलिलिटर ऑक्सिजनयुक्त रक्त ऊतींना सुमारे ५ मिलिलिटर ऑक्सिजन देते आणि १०० मिलिलिटर विऑक्सिजनित रक्त वायुकोशांत सुमारे ४ मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड सोडते. बोर्ड याच मजकुरावर आलेख काढून स्पष्टीकरण विचारू शकते. ‘नीट’ याच मजकुरातून चार विधाने करून त्यांतली योग्य कोणती, असे विचारू शकते, किंवा ५ आणि ४ या आकड्यांची अदलाबदल करून पर्याय देऊ शकते. ज्याने आलेख स्वतः काढला आहे आणि कोणत्या कारणाने तो उजवीकडे सरकतो हे आपल्या शब्दांत लिहिले आहे, त्याला दोन्ही प्रश्न सुटतात. ज्याने ओळी नुसत्या रंगवून ठेवल्या आहेत, त्याला दुसरा प्रश्नही पर्याय वाचता वाचता गोंधळात टाकतो.

प्रश्नसंग्रहांबद्दल एवढेच सांगते, की प्रत्येक विषयाला एकच घ्यावा आणि तो संपवावा. मागील वर्षांच्या ‘नीट’च्या प्रश्नपत्रिका मात्र सगळ्या सोडवाव्यात. त्या सोडवताना २०२१ ते २०२४ या वर्षांत २०० प्रश्न छापून त्यांतले १८० सोडवायचे असत आणि वेळ २०२१ मध्ये १८० मिनिटे, तर २०२२ ते २०२४ मध्ये २०० मिनिटे होता, हे ध्यानात ठेवावे. २०२५ मध्ये परीक्षा पुन्हा १८० प्रश्न आणि १८० मिनिटांवर आली.

प्रयोगशाळा सोडू नका

या विषयावर मी थोडे जास्त लिहिणार आहे, कारण येथे मुलांचे नुकसान होताना मला वारंवार दिसते. बारावीला तिन्ही विज्ञान विषयांत लेखी परीक्षा ७० गुणांची आणि प्रात्यक्षिक ३० गुणांचे असते. प्रात्यक्षिकाचे गुण मिळूनच जातात, अशी समजूत असल्यामुळे क्लाससाठी पहिला बळी प्रात्यक्षिकाच्या तासाचा दिला जातो आणि जानेवारीत दुसऱ्याचे जर्नल उतरवून काढले जाते. हे करणारा विद्यार्थी ‘नीट’चे गुणही हातचे घालवतो. २०२४ पासूनच्या अभ्यासक्रमात भौतिकशास्त्रात प्रायोगिक कौशल्ये आणि रसायनशास्त्रात प्रात्यक्षिकांची तत्त्वे असे स्वतंत्र घटक आहेत. व्हर्निअर कॅलिपर, स्क्रू गेज, साधा लंबक, मीटर ब्रिज, अनुनाद नळी, झेनर डायोडची वैशिष्ट्ये, मोहर लवण आणि तुरटी बनवणे, क्षारांचे विश्लेषण, अनुमापन हे सगळे त्यात येते. म्हणजे ही यादी बरीचशी कॉलेजच्या जर्नलचीच आहे.

अनुमापनाचेच पाहा. पोटॅशियम परमँगनेटच्या द्रावणाने ऑक्झॅलिक आम्लाचे अनुमापन करताना शंकुपात्रातील द्रावण सुमारे ६० ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात, कारण थंड द्रावणात ही अभिक्रिया सुरुवातीला फार मंद चालते. मोहर लवणाच्या वेळी मात्र तापवायचे नसते, कारण तापवल्यास त्यातील फेरस आयनांचे हवेने ऑक्सिडीकरण होऊ शकते. दोन्हींत विरल सल्फ्युरिक आम्ल घालतात. हायड्रोक्लोरिक चालत नाही, कारण परमँगनेट त्यातील क्लोराइडचे क्लोरीनमध्ये ऑक्सिडीकरण करते आणि ब्युरेटमधले वाचन प्रमाणाबाहेर वाढते. वेगळा दर्शक लागत नाही. एक थेंब जास्त पडून फिकट गुलाबी रंग टिकला की अंतिम बिंदू आला. द्रावण गडद असल्यामुळे ब्युरेटमध्ये वरच्या पातळीचे वाचन घेतात, खालच्या वक्रतेचे नाही. या एका प्रयोगात प्रश्न होऊ शकतील असे पाच-सहा मुद्दे आहेत. ज्याने तो गुलाबी रंग स्वतः पाहिला, त्याला ते पाठ करावे लागत नाहीत. म्हणून प्रत्येक प्रयोगाच्या शेवटी जर्नलमध्ये ‘असे का?’ या शीर्षकाखाली तीन ओळी लिहिण्याचा माझा आग्रह असतो. व्हायवाची तयारीही त्यातच होते.

जीवशास्त्राच्या बाबतीत आपल्या परिसराचे एक भाग्य आहे. ठाण्याच्या खाडीकाठी तिवरांची दाट वने आहेत. खाडीतील फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झाले आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. ओहोटीच्या वेळी चिखलातून वर आलेली श्वसनमुळे आणि पानांवरचा मिठाचा थर पाहिलेल्या मुलाला अनुकूलनाचा मुद्दा पुन्हा वाचावा लागत नाही. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्राला सुट्टीच्या दिवशी एकदा भेट द्यावी. तो दिवस अभ्यासातच धरावा.

कॉलेज, क्लास आणि प्रवास

कॉलेज निवडताना मागील वर्षाची कट-ऑफ पाहण्याआधी घरापासूनचा प्रवास मोजावा. घोडबंदर रोडवर राहून ठाणे स्टेशनजवळचे कॉलेज आणि नवी मुंबईतला क्लास असा त्रिकोण ज्याने निवडला, त्याचा दिवस रस्त्यावरच संपतो. ट्रान्सहार्बरने ठाण्याहून वाशीला जायला सुमारे अर्धा तास लागतो खरा, पण स्टेशनपर्यंतची रिक्षा, फलाटावरची गर्दी आणि पुढची चाल धरली तर तो अर्धा तास राहत नाही. कॉलेज आणि क्लास यांपैकी एक तरी चालत जाण्याच्या अंतरावर असावे, असे मला ठामपणे वाटते. क्लास थोडा कमी नावाजलेला असला तरी चालेल, पण रोजची झोप गमावणे चालणार नाही. प्रवासातल्या वेळेत नवे काही शिकू नये. त्या वेळी आदल्या दिवशीच्या एनसीईआरटीच्या ओळी आठवून पाहाव्यात किंवा अभिक्रियांच्या छोट्या चिठ्ठ्या चाळाव्यात. आणि उभ्याने प्रवास असेल तर सरळ विश्रांती घ्यावी.

‘इंटिग्रेटेड’ व्यवस्थेबद्दल पालक नेहमी विचारतात. कॉलेज आणि क्लास एकाच छताखाली असल्यास वेळ वाचतो, हे खरे आहे. पण प्रवेश घेण्याआधी प्रयोगशाळा प्रत्यक्ष पाहावी, वेळापत्रकात प्रात्यक्षिकांचे तास आहेत का हे विचारावे आणि शक्य असल्यास तेथे शिकणाऱ्या मुलांशी बोलावे. फक्त नावापुरती हजेरी लावणाऱ्या कॉलेजात नाव घालू नये. बारावीच्या परीक्षेसाठी ७५ टक्के उपस्थितीचा नियम आहे आणि त्याची जबाबदारी शेवटी विद्यार्थ्यावरच येते. क्लास लावायचाच नाही, असे ठरवणारेही विद्यार्थी असतात. त्यांनी वेळेवर चाचण्या देण्याची व्यवस्था तेवढी बाहेरून करावी, कारण अभ्यास घरी होतो, पण परीक्षेचा ताण घरी निर्माण करता येत नाही.

दोन वर्षांचा आराखडा

अकरावीच्या प्रवेशफेऱ्या लांबल्या की कॉलेज उशिरा सुरू होते. दहावीनंतरची ही सुट्टी भौतिकशास्त्रातील गणिती पाया आणि रसायनशास्त्रातील मोल संकल्पना यांना द्यावी. अकरावीचे गुण पुढे कोठे लागत नाहीत म्हणून ते वर्ष वाया घालवण्याची प्रथा आहे. ‘नीट’मध्ये मात्र अकरावी आणि बारावी दोन्ही इयत्तांवर प्रश्न येतात, हे प्रत्येक घरात मोठ्याने सांगायला हवे.

बारावीच्या वर्षी जून ते दिवाळी हा मुख्य शिकण्याचा काळ असतो. गणपतीत गावी जाणाऱ्यांनी जावे आणि पुस्तके सोबत नेण्याचा आव आणू नये. चार दिवसांची मनमोकळी सुट्टी पुढच्या चार आठवड्यांना बळ देते. दिवाळीच्या सुट्टीत अकरावीची पूर्ण उजळणी व्हावी. डिसेंबरपासून वजन बोर्डाकडे सरकू द्यावे. प्रश्नपत्रिकेत सुरुवातीला एक गुणाचे बहुपर्यायी आणि अतिलघु प्रश्न असे १८ गुण, नंतर दोन गुणांचे १६, तीन गुणांचे २४ आणि चार गुणांचे १२, अशी ७० गुणांची रचना असते. तीन तासांत एवढे लिहिण्यासाठी हाताला सवय लागते. म्हणून जानेवारीतील प्रिलिम, म्हणजे कॉलेजची सराव परीक्षा, मनापासून द्यावी. या दोन-अडीच महिन्यांत ‘नीट’चा धागा तुटू नये यासाठी रोज एक तास मिश्र बहुपर्यायी प्रश्न पुरेसे आहेत. त्याहून जास्त करण्याचा हट्ट धरू नये.

बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत सुरू होऊन साधारण मार्चच्या मध्यापर्यंत चालते. २०२५ मध्ये ‘नीट’ ४ मे रोजी झाली. म्हणजे मध्ये सुमारे सात आठवडे मिळतात. त्यांत नवे पुस्तक उघडू नये. एक दिवस पूर्ण चाचणी आणि दुसरा दिवस तिची चिरफाड, असे आलटून पालटून करावे. चाचणीचे एकूण गुण वहीत लिहून ठेवण्यापेक्षा चुकलेला प्रत्येक प्रश्न का चुकला, हे लिहावे: माहीत नव्हते, माहीत असून विसरले, प्रश्न चुकीचा वाचला की आकडेमोडीत घसरले. महिन्याभरात प्रत्येकाची चूक कोणत्या खान्यात साचते हे दिसू लागते, आणि उपायही त्या खान्यानुसार बदलतो.

या काळात झोप उडणे, जेवण नकोसे होणे किंवा सतत रडू येणे असे काही दिसले तर पालकांनी ते ‘अभ्यासाचे टेन्शन’ म्हणून सोडून देऊ नये. केंद्र शासनाची टेली-मानस ही मोफत मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. शेजारच्या मुलाचे गुण जेवणाच्या ताटावर विचारू नयेत, एवढी काळजी घरातल्या मोठ्यांनी घेतली तरी मोठा आधार होतो.

प्रश्नपत्रिका हाताळताना

प्रत्येक बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला १ गुण वजा होतो. सोडलेल्या प्रश्नाला शून्य. ‘खात्री नसेल तर मुळीच उत्तर देऊ नका’ असा सल्ला सरसकट दिला जातो, तो हिशेबात बसत नाही. चार पर्यायांपैकी एकही वगळता येत नसेल, तर अंदाजे उत्तराचा सरासरी फायदा फक्त पाव गुण आहे, म्हणून त्या प्रश्नावर वेळ घालवू नये. एक पर्याय खात्रीने वगळता आला तर सरासरी फायदा सुमारे ०.६७ गुण होतो, आणि दोन वगळता आले तर दीड गुण. म्हणजे दोन पर्यायांत अडकलेला प्रश्न सोडून देणे तोट्याचे ठरते. मात्र पर्याय खरोखर ज्ञानाच्या आधारे वगळलेला असावा. ‘बराच वेळ ‘क’ आले नाही’ हा आधार धरू नये.

जीवशास्त्र पहिल्या ४५ ते ५० मिनिटांत, मग रसायनशास्त्र आणि शेवटी भौतिकशास्त्र, हा क्रम बहुतेकांना मानवतो. ज्याचे भौतिकशास्त्र पक्के आहे, त्याने वेगळा क्रम चाचण्यांत पारखून घ्यावा. ओएमआर पत्रिकेतील गोल एकेका पानाबरोबर भरत जावेत. सगळे शेवटी भरण्याचा बेत धोकादायक आहे, कारण एक ओळ सरकली की पुढचे सगळे सरकते आणि शाईने भरलेला गोल खोडता येत नाही. परीक्षा दुपारी २ ते ५ या वेळेत असते. जेवणानंतर डोळे जड होण्याच्या नेमक्या याच वेळी बसण्याची शरीराला सवय व्हावी, म्हणून एप्रिलमधील सर्व पूर्ण चाचण्या दुपारी २ वाजता आणि शक्यतो पंख्याखालीच द्याव्यात. परीक्षा केंद्रात वातानुकूलन असेलच असे नाही, आणि मेमधला ठाण्याचा उकाडा सर्वांना ठाऊक आहे.

मराठी माध्यमातून दहावी केलेल्यांसाठी

‘नीट’ मराठीतूनही देता येते. मराठीची निवड केल्यास प्रश्नपुस्तिका मराठी आणि इंग्रजी अशी द्विभाषिक मिळते आणि अनुवादात संदिग्धता असल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य धरला जातो. पण अकरावी-बारावी विज्ञान येथे इंग्रजीतूनच शिकवले जाते आणि एनसीईआरटीची ही पुस्तके मराठीत नाहीत. त्यामुळे दोन वर्षे इंग्रजी संज्ञा वापरल्यावर परीक्षेच्या दिवशी मराठी संज्ञांशी पहिली भेट होऊ नये. माझा सल्ला असा, की समजून घेताना मनात आणि मित्रांशी खुशाल मराठीत बोलावे, पण वाचन आणि लेखन पहिल्या दिवसापासून इंग्रजीत करावे. पहिले तीन-चार महिने वेग कमी राहतो, त्याने घाबरून जाऊ नये. दिवाळीनंतर हा फरक जाणवत नाही, हे मी दरवर्षी पाहते.

कागदपत्रे आणि प्रवेश

अर्जावरील नाव, जन्मतारीख आणि आई-वडिलांची नावे दहावीच्या प्रमाणपत्राशी आणि आधारशी तंतोतंत जुळत असावीत. जुळत नसतील तर दुरुस्ती अकरावीतच करून घ्यावी. राज्य कोट्यासाठी अधिवास प्रमाणपत्र आणि साधारणपणे दहावी व बारावी दोन्ही महाराष्ट्रातून असणे आवश्यक असते. आरक्षणाचा लाभ घेणाऱ्यांनी जात पडताळणीचा अर्ज बारावीत असतानाच कॉलेजमार्फत करावा आणि लागू असल्यास नॉन-क्रीमी लेअर प्रमाणपत्राची मुदत प्रवेशाच्या काळात चालू असेल, हे पाहावे. येथे एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. वाशी, नेरूळ, ऐरोली आणि बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतात, तर खारघर, कामोठे आणि पनवेल रायगड जिल्ह्यात. त्यामुळे एकाच क्लासमध्ये शेजारी बसणाऱ्या दोन मुलांची दाखल्यांची कार्यालये वेगळी असू शकतात. मित्राच्या सांगण्यावरून चुकीच्या जिल्ह्यात हेलपाटे घालू नयेत.

शासकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून एमसीसी, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय समुपदेशन समितीमार्फत, आणि उरलेल्या ८५ टक्के जागा राज्याच्या सीईटी कक्षामार्फत भरल्या जातात, म्हणून दोन्ही ठिकाणी नोंदणी करावी. आपल्या परिसरात कळव्याचे राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय ठाणे महानगरपालिका चालवते. नेरूळचे डी. वाय. पाटील आणि कामोठ्याचे एमजीएम ही अभिमत विद्यापीठांची महाविद्यालये असून त्यांच्या फेऱ्या एमसीसी घेते. त्यांच्या शुल्काचा आकडा पसंतीक्रम भरण्यापूर्वीच घरी स्पष्टपणे बोलून घ्यावा. दंतवैद्यक, आयुर्वेद आणि होमिओपॅथी यांचे प्रवेशही ‘नीट’वरच होतात. औषधनिर्माणशास्त्राचा पर्याय खुला ठेवायचा असेल तर एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेचा पीसीबी (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र) गट भरून ठेवावा. त्यात चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत आणि सुमारे ८० टक्के भर बारावीवर असतो, त्यामुळे बोर्डाच्या तयारीखेरीज फारसे वेगळे करावे लागत नाही.

पसंतीक्रम भरताना मागील वर्षी कोणते महाविद्यालय किती गुणांना बंद झाले, याचा अंदाज बांधून यादी लहान करू नये. खरोखर जेथे शिकायला आवडेल ते वर, आणि त्याच क्रमाने खाली येत यादी लांब ठेवावी. यादीत वर लिहिलेले महाविद्यालय न मिळाल्याने खालच्या महाविद्यालयाची संधी कमी होत नाही. मूळ कागदपत्रांची एक फाईल आणि छायाप्रतींचे तीन संच मेपूर्वीच तयार ठेवावेत, कारण निकालानंतरच्या फेऱ्यांत मुदती दिवसांच्या हिशेबात असतात.